अठ्ठाविसावा सेल

इदाल्मिसचा नवरा घरातून गेला त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर एक टीव्ही उघडा पडलेला होता. मागचं झाकण काढलेलं, तारा बाहेर आलेल्या, रशियन बनावटीचं ते जुनं धूड. रामिरोला असल्या दुरुस्त्यांचा नाद. "संध्याकाळपर्यंत जोडतो," असं सांगून तो सकाळी बाहेर पडला आणि दुपारी ट्रकच्या ट्यूबांवर फळ्या बांधून आणखी चौघांबरोबर समुद्रात शिरला. साल चौऱ्याण्णव. गिबारा या बंदरगावातली निम्मी तरणी पोरं त्या उन्हाळ्यात तराफ्यावरून देश सोडून जायच्याच गोष्टी करत होती, त्यामुळे कुणाला फारसं नवल वाटलं नाही. त्या पाचांपैकी एकाचंही पत्र कधी आलं नाही.

इदाल्मिस तेव्हा चोवीस वर्षांची होती. दोन महिने ती ताट मांडीवर घेऊन जेवली. टीव्ही टेबलावरून हलवला की नवरा परत येणार नाही हे आपणच कबूल केल्यासारखं होईल, असं तिला वाटायचं. मग एके दिवशी उकडलेलं रताळं ताटातून घरंगळून मांडीवर पडलं, चांगलंच भाजलं, आणि तिचं डोकं फिरलं. टेबल मोकळं करायचंच. पण टीव्ही टाकून कसा द्यायचा? त्या गावात कुणी काही टाकत नाही. मोडकी छत्रीसुद्धा काड्यांसाठी ठेवतात. म्हणून तिने तो जोडायला घेतला.

झाकणाच्या आतल्या बाजूला तारांचा नकाशा चिकटवलेला होता. अक्षरं रशियन, तिला एकही कळेना. पण रेघा तर रेघाच असतात. शिवणाच्या कागदावरून बेतावं तसं एकेका रेघेवर बोट ठेवत तिने तीन आठवडे काढले. तारांना डाग द्यायची तापती सळई कुठे धरायची हे दोन बोटं भाजल्यावर कळलं. शेवटी पडदा उजळला तेव्हा उसाच्या तोडणीची बातमी चालू होती. इदाल्मिसने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली.

"नवरा काही दुरुस्त झाला नाही हिच्याकडून, पण टीव्ही झाला बघ," असं समोरची सेनाइदा रेशनच्या रांगेत सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. रांग हसली, इदाल्मिसही हसली. आठवड्याभरात तीच सेनाइदा फडक्याआड लपवल्यासारखी बंद पडलेली इस्त्री घेऊन दारात उभी होती.

असं ते सुरू झालं आणि तीस वर्षं चाललं. दुपारी बारापर्यंत ती टेलिफोन कचेरीच्या खिडकीत बसायची. घरी येऊन भातावर बीन्स ओतून खायची, कॉफीचा घोट घ्यायची आणि मागच्या खिडकीशी टेबल ओढायची, कारण उजेड तिथे चांगला. हा तिचा धंदा नव्हता. धंदा करायचा तर परवाना लागतो, पाटी लागते, तपासनीस येतात. हा नाद होता, आणि नाद कुणाला सांगून लागत नाही. लोक वस्तू आणून देत आणि नेताना चार अंडी, एखादा मासा, केळ्यांचा फणा ठेवून जात. धुलाईयंत्राच्या मोटारीला तेलाच्या डब्याच्या पत्र्याची पाती लावून तिने पंखा केला. तो इतका जोरात फिरायचा की त्याला दोरीने खुर्चीला बांधावं लागे. खानावळीतल्या ॲल्युमिनियमच्या ताटांपासून तिने केलेले अँटेना गल्लीतल्या निम्म्या गच्च्यांवर होते. तिला स्वतःला सगळ्यात आवडायचा तो क्षण वेगळाच. वस्तू चालू व्हायच्या आधीचा. बिघाड कुठे आहे ते कळलेलं असतं, हात अजून लावलेला नसतो, तेव्हाचा.

भिंतीला भिंत लागून ओनेलियोचं घर. वय अठ्ठ्याहत्तर, साठ वर्षं समुद्रावर काढलेली. बायको वारल्यावर एकटाच राहायचा. होडी विकली तरी दुसऱ्यांची जाळी विणून द्यायचा आणि त्याबदल्यात मिळालेल्या मासळीतला वाटा इदाल्मिसच्या खिडकीत ठेवायचा. फुफ्फुसं मात्र कामातून गेलेली. चार वर्षांपूर्वी त्याला असा दम लागला होता की ओल्गीन शहरातल्या मोठ्या इस्पितळात बारा दिवस ठेवावं लागलं. तिथून येताना मुलीने, दायामीने, आईच्या फोटोवर हात ठेवून त्याच्याकडून शपथ घेतली होती की पुन्हा चिरूट ओढणार नाही. त्याने ती पाळली. दायामी ओल्गीनला एका शाळेत कारकून होती, महिन्यातून एकदा यायची, श्वास मोकळा करणाऱ्या वाफेच्या यंत्राचं औषध कुठून कुठून मिळवून आणायची, आणि जाताना इदाल्मिसला म्हणायची, "ताई, भिंतीला कान असू दे तुझा."

इदाल्मिसचा कान असायचाच. खोकल्यावरूनच तिला कळायचं, आज म्हाताऱ्याला कसं आहे.

मग विजेचं ते सुरू झालं. आधी दिवसाला चार तास जायची, मग आठ, मग कधी अठरा. दम लागायचा तेव्हा ओनेलियोचं वाफेचं यंत्र मुकं पडलेलं असायचं. तो खिडकीच्या गजांना धरून उभा राही, खांदे वरखाली होत, आणि इदाल्मिस पुठ्ठ्याने वारा घालत राही. त्याने काही व्हायचं नाही हे दोघांनाही माहीत होतं.

"काका, तुम्हाला बॅटरीचा डबा करून देते," ती एक दिवस म्हणाली.

"सेनाइदाला दिलास तसला?"

"तिचा पंख्याचा आहे. तुमचा मोठा करावा लागेल. यंत्र चालायला हवं."

"मोठा कर बाई. जमलं तर त्याला चाकंही लाव, म्हणजे मी त्याच्यावर बसूनच दुकानात जाईन."

तिने तोवर तीन डबे केले होते. एक सेनाइदाच्या नातवाच्या पंख्यासाठी, एक निवृत्त मास्तर उलिसेस यांच्या दिव्यासाठी, एक स्वतःला. ओल्गीनला विजेच्या स्कूटर दुरुस्त करणारा एक ओळखीचा होता. तो खराब बॅटऱ्या तिला द्यायचा. त्या फोडल्या की आत बोटाएवढे सेल निघत. त्यातले बरेच मेलेले, काही जिवंत. ती प्रत्येकावर आकडा घालायची, भरून तीन दिवस ठेवायची, आणि भरताना एकेक उचलून गालाला लावायची. गार राहिला तो चांगला. तापला तो बाद, मग त्याच्यात कितीही वीज राहत असो. हा नियम तिने स्वतःच केला होता आणि कधी मोडला नव्हता.

ओनेलियोच्या डब्याला अठ्ठावीस सेल हवे होते. सत्तावीस मिळाले. अठ्ठाविसावा गालाला कोमट लागला, झोपलेल्या मांजराच्या पोटाइतका.

तिने तो बाजूला ठेवला. त्याच दिवशी दुपारी भिंतीपलीकडे खोकला सुरू झाला तो थांबेना. ती धावत गेली तर ओनेलियोचे ओठ निळे पडले होते. वीज आणखी दीड तासाने आली. परत आल्यावर ती टेबलाशी बसली आणि तिने तो कोमट सेल उचलला. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे, तिने स्वतःला सांगितलं. नवीन खेप आली की बदलते.

डबा छान चालला. दोन दोन तास यंत्र चालायचं. ओनेलियो भेटेल त्याला सांगत सुटला की माझ्या खाटेजवळ माझं स्वतःचं वीजकेंद्र आहे, आणि सरकारपेक्षा ते इमानदार आहे. खेप तीन आठवड्यांनी आली. तिच्यात चांगले चौदा सेल निघाले. इदाल्मिस डबा न्यायला गेली तेव्हा तो म्हणाला, "चालतंय ना? मग कशाला उघडतेस? दोन दिवस माझा श्वास तुझ्या टेबलावर पडून राहणार." तिलाही वाटलं, बरोबर आहे. पुढच्या आठवड्यात बघू. असे पाच आठवडे गेले.

तो गुरुवार होता. अकरा तासांनी वीज आली होती आणि गल्लीतल्या सगळ्या बॅटऱ्या एकदम भरायला लागल्या होत्या. दुपारचे तीन वाजले असतील. इदाल्मिस खिडकीशी एका मिक्सरचा बिघाड शोधत होती. भिंतीपलीकडून साप फुसकारावा तसा आवाज आला, मागोमाग फटाक्यांची माळ लागावी तसे बार, आणि ओनेलियोची हाक. शब्द नव्हता तो, नुसती हाक.

ती पोचली तेव्हा खोली पांढऱ्या धुराने भरलेली होती आणि गादी पेटलेली होती. डबा मात्र तिथे नव्हता. मागचं दार सताड उघडं होतं. म्हाताऱ्याने तो जळता डबा दोन्ही हातांनी उचलून मागच्या खडकांवर फेकला होता. आता तो उंबऱ्यात बसून धापा टाकत होता. सेनाइदा आणि आणखी तिघंचौघं बादल्या घेऊन आले, वाळू ओतली, गादी ओढून बाहेर काढली. छपराचे दोन वासे काळे पडले, पडदा गेला, भिंतीवरचा बायकोचा फोटो गेला. आग विझली.

ओनेलियोने तिच्याकडे पाहिलं आणि खडकांच्या दिशेने नुसती मान हलवली. इदाल्मिसला कळलं, तिचा बिनपरवान्याचा डबा कुणाला दिसता कामा नये. तिने बादली उचलली, मागच्या दाराने गेली, फुटलेले सेल आणि डब्याचा वितळलेला पत्रा बादलीत भरला, वर वाळू पसरली आणि आपल्या मोरीत नेऊन ठेवली. परत आली तेव्हा कुठे तिने त्याचे हात पाहिले. उजव्या तळव्याची कातडी सोलून लोंबत होती.

पुढे कित्येक दिवस तिला जे झोपू देत नव्हतं ते हे. सेल बसवला ते एक. पण आपण आधी बादली उचलली, हात मागाहून पाहिले.

आग विझवणाऱ्यांचा अधिकारी आला, वही काढली. "कशाने लागली आजोबा?"

"चिरुटाने," ओनेलियो म्हणाला. "ओढत पडलो होतो. डोळा लागला."

"तुमची फुफ्फुसं अशी, आणि चिरूट?"

"म्हणून तर लपून ओढत होतो."

अधिकाऱ्याने मान हलवली आणि लिहून घेतलं. इदाल्मिस दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिने तोंड उघडलं नाही.

दायामी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. बापाच्या बँडेजकडे पाहिलं, जळक्या खाटेकडे पाहिलं, काळ्या भिंतीवर फोटोच्या जागी उरलेल्या चौकोनाकडे पाहिलं. डबाही आगीतच गेला, असं तिने धरलं. ओरडली नाही. तिने पिशवीत त्याचे कपडे भरायला घेतले.

"चार वर्षं," ती फक्त एवढंच म्हणाली. "चार वर्षं मी लोकांना सांगत होते की माझा बाप शब्दाचा पक्का आहे."

निघताना दायामी इदाल्मिसच्या गळ्यात पडून रडली. "तू नसतीस तर आज मला प्रेत न्यावं लागलं असतं," ती म्हणाली. इदाल्मिसने तिच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात तिला कुणा दुसऱ्याचाच वाटत होता.

त्याच आठवड्यात तिने स्वतःचा डबा उघडून सुटा केला आणि दिलेले दोन परत आणायला निघाली. उलिसेस मास्तरांनी काही न विचारता काढून दिला. त्यांना बहुधा अंदाज आला होता. सेनाइदाने दारातच आडवा हात केला.

"कशाला हवाय?"

"तपासायचाय."

"इथेच तपास. माझ्यासमोर."

"इथे नाही होत. मला तो सुटा करायचाय, सेनाइदा. तो घरात ठेवू नकोस."

सेनाइदाने मागे वळून आतल्या पोराकडे पाहिलं. बाई तोंडाने फटकळ होती, पण डोक्याने मंद नव्हती. "म्हणजे चिरूट नव्हता तर," ती हळूच म्हणाली.

इदाल्मिसने मोकळी पिशवी पुढे धरली.

"आतलं लेकरू दीड वर्षाचं आहे. घामोळ्यांनी अंग सोललंय त्याचं. पंखा बंद झाला की रडून रडून उलटी करतं. तू आता येऊन सांगतेस, डबा दे. मग त्याला वारा कोण घालणार, तू?"

"घालीन."

"काय बोलतेस. तुझा डबा फुटला म्हणून माझं पोर उकडू दे, असं?"

"तुझ्या डब्यातले सगळे सेल चांगले आहेत," इदाल्मिस म्हणाली. "मला माहीत आहे. तरी दे."

"चांगले आहेत तर राहू दे," सेनाइदा म्हणाली आणि तिने दार लावलं. पण त्या दिवसापासून तो डबा तिच्या व्हरांड्यात, सिमेंटच्या कट्ट्यावर आला. तार खिडकीतून आत गेली. वीज भरत असली की सेनाइदा शेजारी खुर्ची टाकून बसायची, आणि इदाल्मिस रस्त्याने गेली की तोंड फिरवायची. गल्लीत मात्र तिने एक अक्षर काढलं नाही. इदाल्मिसला वाटायचं, काढलं असतं तर बरं झालं असतं.

ती टेबलाशी बसेनाशी झाली. मिक्सर तसाच पडून राहिला. लोक यायचे, ती सांगायची, डोळे दुखतात. दुपारी घर इतकं शांत असायचं की स्वतःचं गिळणं ऐकू येई. भिंतीपलीकडे खोकलाही नव्हता.

महिन्याने टेलिफोन कचेरीत फोन आला. ओनेलियो.

"वारा कुठून आहे?" त्याने विचारलं.

"ईशान्येचा. तुमचे हात कसे आहेत?"

"डावा बरा. उजव्याची मूठ वळत नाही. होड्या निघाल्यात का?"

"तीन निघाल्या. काका, तिकडे कसं आहे?"

मग तो सांगू लागला, तेही हसत, दुसऱ्या कुणाची गंमत सांगावी तसं. चौथा मजला. दायामी कामाला जाताना बाहेरून जाळीला कुलूप लावते. काड्यापेटी बरोबर नेते. गॅसची नळी काढून ठेवते. कॉफी थर्मासमध्ये भरून जाते, ती दुपारपर्यंत गार होते. एकदा तर आल्यावर तिने त्याच्या सदऱ्याचा वास घेतला.

"पोरीचं चुकत नाही," तो म्हणाला. "घर पेटवणाऱ्या बापाला कोण मोकळं सोडेल? पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी सदरा हुंगून घ्यायचा म्हणजे..." मग म्हणाला, "कुलूप काढायच्या आत वीज गेली आणि दम लागला तर काय करायचं, हेच तेवढं बघायचं राहिलंय."

इदाल्मिसने फोन ठेवला. खिडकीबाहेर रांग उभी होती. तिने सहा जणांचं काम उरकलं, सातव्याला उद्या यायला सांगितलं, आणि फाटक ओढून घेतलं.

शनिवारी सकाळी ती ट्रकच्या मागच्या बाकावर बसून ओल्गीनला गेली. दायामीने दार उघडलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आनंद होता. तो इदाल्मिसला सोसेना. ओनेलियो गॅलरीत खुर्ची टाकून बसला होता, तोंड उत्तरेकडे, जिकडे समुद्र दिसत नव्हता तिकडे. दायामीने ताटात तांदूळ निवडायला घेतले होते. तिने इदाल्मिसला समोर बसवलं.

"दायामी, तुझ्या बाबांनी चिरूट ओढला नव्हता."

दायामीची बोटं तांदळात थांबली.

"डबा फुटला. मी केलेला. त्यात एक सेल खराब होता, आणि तो खराब आहे हे मला माहीत होतं. बदलायलाही सेल आले होते. मी बदलला नाही. अधिकारी आला तेव्हा त्यांनी मला वाचवायला खोटं सांगितलं. आणि मी सांगू दिलं."

गॅलरीतली खुर्ची करकरली. दायामीने एक खडा उचलला, बाजूला ठेवला. मग आणखी एक. ताट अर्धं निवडून झालं.

"मी तुझ्या गळ्यात पडून रडले होते," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"आणि तू माझ्या पाठीवर हात फिरवलास."

"हो."

"तो फिरवताना तुला काय वाटत होतं, एवढंच सांग मला."

दायामीने ताट खाली ठेवलं. "मी त्यांना कोंडून घातलं, कळतंय का तुला? रोज सकाळी कुलूप लावताना वाटायचं, मी बापाला नाही, चोराला कोंडतेय. आणि ते आतून म्हणायचे, जा पोरी, उशीर होईल. एका शब्दाने कधी..." तिचा आवाज फुटला. तिने हाताची पाठ डोळ्यांवर दाबली आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

ओनेलियो गॅलरीच्या दारात उभा होता. त्याला इतकं रागावलेलं इदाल्मिसने कधीच पाहिलं नव्हतं.

"तुला कुणी सांगितलं होतं बोलायला?"

"काका, तुम्ही इथे कोंडून..."

"ते माझं मी बघत होतो. खोटं मी बोललो होतो. माझं होतं ते. तू कोण मोडणारी?" त्याला दम लागला. तो चौकटीला धरून उभा राहिला. "एक गोष्ट दिली तुला मी आयुष्यात. मासळी सोडली तर एकच. तीही ठेवता आली नाही तुला."

"जड होती," ती म्हणाली.

तो पुन्हा गॅलरीत जाऊन बसला. तिला जेवायला कुणी थांबवलं नाही, पाणीही विचारलं नाही. जिन्यावरून उतरताना तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही. लोक सांगतात, खरं बोललं की मोकळं वाटतं. तिला फक्त एवढंच कळत होतं की आता तिघांनाही आधीपेक्षा जास्त दुखतंय.

दायामीने कुठे तक्रार केली नाही. अठरा दिवसांनी ती बापाला घेऊन गिबाराला आली. मास्तरांनी आणि होडीवाल्यांनी मिळून वासे बदलले होते, भिंतीला चुना दिला होता. सामान लावून झाल्यावर दायामी इदाल्मिसच्या दारात आली. आत आली नाही.

"ते इथेच राहतील म्हणतात. मी कुलूप लावू शकत नाही आता, कारणच उरलं नाही. पण एक ऐकून ठेव. तुझ्या हातची एकही वस्तू त्या घरात जायची नाही. दिव्याचं बटणसुद्धा नाही."

"नाही जाणार."

"खोकला ऐकू आला तर मला फोन कर. भिंतीला कान ठेव असं मी आता म्हणणार नाही, पण ऐकू तर येणारच तुला."

ती गेली. ओनेलियोने पहिले चार दिवस इदाल्मिसशी शब्द काढला नाही. खिडकीत मासळी ठेवली नाही. जाळी विणायला मूठ वळत नव्हती, मग मासळी कुठून येणार. तिनेच एक दिवस मालांगाचे कंद शिजवून वाटी त्याच्या खिडकीत ठेवली. वाटी रिकामी होऊन परत आली, धुतलेली.

दरम्यान तिने एक काम केलं होतं. उसाच्या ट्रॅक्टरची एक जुनी बॅटरी मिळवली, शिसं आणि आम्लपाण्याची, दोघांनी उचलावी लागे इतकी जड. मागच्या अंगणात, भिंतीपासून लांब, उघड्यावर विटांच्या चौथऱ्यावर ती ठेवली. आठ दिवस नुसतीच वीज भरून आणि संपवून पाहिली, रोज पाणी तपासलं. कुणासाठी ते तिने स्वतःलाही सांगितलं नाही. त्या घरात काही न्यायचं नाही, हा शब्द दिलेला होता.

मंगळवारी सकाळी दहाला वीज गेली. साडेअकराला भिंतीपलीकडे खोकला सुरू झाला. आधी सुटा सुटा, मग सलग. तिची त्या दिवशी सुट्टी होती. ती खोलीच्या मध्यभागी उभी राहिली. फोन हातात घेतला. दायामी तेहेतीस किलोमीटर लांब होती. तिला कळवून ती तिथे रडण्याखेरीज काय करणार होती? तरी इदाल्मिसने नंबर फिरवला. लागला नाही. विजेबरोबर टॉवरही गेला होता.

तेवढ्यात दार ढकललं गेलं. ओनेलियो दारात होता. काखेत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं वाफेचं यंत्र, आणि तोंड आ वासलेलं.

"तिने... तुझी वस्तू... माझ्या घरात नको म्हटलंय," तो एका श्वासाला दोन शब्द या हिशेबाने म्हणाला. "माझ्याबद्दल... काही म्हणाली नाही."

इदाल्मिसने त्याला अंगणात खुर्चीवर बसवलं. तार जोडली. खटका दोनदा चुकला. मग यंत्र घुरघुरू लागलं, वाफ आली, त्याने मास्क तोंडाला लावला. डाव्या हाताने धरला. उजवा मांडीवर उताणा पडला होता, तळवा गुलाबी आणि गुळगुळीत, बोटं अर्धवट मिटलेली.

दहा मिनिटांनी ओठांचा रंग परतला. त्याने मास्क थोडा खाली केला.

"यात काय आहे?"

"शिसं आणि आम्लपाणी."

"फुटतं?"

"फुटू नये," ती म्हणाली. आणि पुढे म्हणाली, "याहून जास्त मी काही सांगणार नाही काका."

त्याने मान डोलावली. व्हरांड्यातून सेनाइदाच्या नातवाचं रडणं ऐकू येत होतं, आणि त्याला गप्प करणारा तिचा आवाज. ओनेलियो खुर्चीत जरा सैलावला.

"तिला सांगणार आहे मी. रविवारी येईल तेव्हा. लपवून येणार नाही इथे."

"ती चिडेल."

"चिडू दे. माझ्यावर चिडायला तिला आता खरं कारण मिळेल." त्याने पुन्हा मास्क लावला, दोन श्वास घेतले, पुन्हा काढला. "अशी काय बघत बसलीस बॅटरीकडे? ती काय चालत येणारेय? जा, कॉफी टाक. अजून अर्धा तास आहे याला."

"टाकते," इदाल्मिस म्हणाली.

पण ती उठली नाही. वाफ संपेपर्यंत, तार काढून गुंडाळेपर्यंत, आणि बॅटरीवर तळहात ठेवून ती गारच आहे याची खात्री होईपर्यंत ती तिथेच विटांजवळ बसून होती. ओनेलियोने दुसऱ्यांदा कॉफी मागितली नाही.